शिवाजी पेठेतलं नागासाकी

नागासाकी शहर मी कधी पाहिलेलं नाही. पण ते बेचिराख होताना मी दिवसाला पंधरा-पंधरा वेळा ऐकलं आहे, आणि प्रत्येक वेळी ती बातमी देणारा आवाज माझाच होता. गणेश मंडळाचा मांडव आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. संध्याकाळी मी कणीक मळायला घेतली की लाउडस्पीकरवरून माझंच बोलणं स्वयंपाकघरात यायचं, "आणि तो काळा दिवस उजाडला!" आमचे हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचे, "उजाडला का? मग चहा ठेव."

नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली ही गोष्ट. मी तेव्हा पेठेतल्या एका हायस्कुलात भूगोल शिकवत होते. इतकी वर्षं एकाच पेठेत शिकवलं की तोटा असा होतो की भाजीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे आपलेच विद्यार्थी निघतात आणि कुणाशी नीट भांडता येत नाही. मंडळाचा अध्यक्ष तर माझा खास. नववीत भूगोलात दोनदा आपटलेला. एकदा त्याने नकाशात कोकण सोलापूरच्या पलीकडे नेऊन ठेवलं होतं, आणि मी पट्टी उगारल्यावर म्हणाला होता, "बाई, चुकून सरकलं." पुढे तो शिरोलीच्या एमआयडीसीत एका फौंड्रीत कामाला लागला, मिशा वाढवल्या आणि तालमीच्या पोरांचा पुढारी झाला.

श्रावणात एका संध्याकाळी तो आणखी दोघांना घेऊन आमच्या पुढच्या सोप्यावर येऊन बसला.

"बाई, यंदा जपान करायचं ठरलंय."

आमच्याकडे गणपतीत सजीव देखावा करतात, म्हणजे खरी माणसं वेष करून स्टेजवर उभी राहतात आणि मागून निवेदन चालतं. आदल्या वर्षी यांनी हुंडाबळी केला होता. सासूच्या वेषात तालमीतला शंभर किलोचा पैलवान होता आणि बायका त्याला रस्त्यावरून शिव्या देत होत्या. त्यामुळे जपान म्हटल्यावर मी सावध झाले.

"जपान म्हणजे काय करणार?"

"नागासाकी! बाँब पडतोय, समदं बेचिराख हुतंय, आणि मग राखेतनं गाव परत उभं ऱ्हातंय. जिद्द दाखवायची बाई. पब्लिक खुळं हुतंय बगा."

"हिरोशिमा का नाही?"

"त्ये मंगळवार पेठेनं केलंय की दोन वर्सामागं," तो म्हणाला. नागासाकीची निवड झाली ती अशी.

माझं काम निवेदन लिहायचं. मी म्हटलं, लिहीन, पण भूगोल बरोबर पाहिजे. तिथेच बसल्या बसल्या मी पाटी घेतली आणि काढून दाखवलं: हे बंदर, हे खोरं, आणि मध्ये हा डोंगर. बाँब पडला तो खोऱ्यात. डोंगर आडवा आला म्हणून बंदराकडचा काही भाग वाचला. बाकी सगळं गेलं, पण तेवढं राहिलं. तिघांनीही माना डोलावल्या. नववीतही तो अशीच मान डोलावायचा, हे मला तेव्हाच आठवायला हवं होतं.

शहर बांधायचं काम चाचांकडे. चाचा म्हणजे पेठेतले जुने सुतार. अर्ध्या पेठेची दारं, कपाटं आणि देव्हारे त्यांच्या हातचे, मोहरमचा ताबूतही त्यांचाच, आणि मंडळाचं स्टेज तर मंडळ जन्मल्यापासून त्यांच्याकडे. तेव्हा वय सत्तरीला आलेलं, एका डोळ्यात मोतीबिंदू. मुलगा इचलकरंजीत यंत्रमागावर होता. तो दरवर्षी म्हणायचा, आता बास, माझ्याकडं चला. या वर्षी चाचांनी होकार दिला होता. गणपती झाले की बिऱ्हाड हलणार होतं.

"ह्यो शेवटचा, बाई," करवत चालवता चालवता ते मला म्हणाले. "आजवर ह्येंनी माझ्याकडनं निस्तं पाडायचंच काम करून घेतलं. लंका जाळली, किल्ले पाडले, तुरुंग फोडले. उभं करायचं काम पयल्यांदा आलंय. एकदा भरल्या पब्लिकम्होरं ह्ये गाव उभं ऱ्हायलं की मी जायला मोकळा."

आणि काय गाव केलं होतं त्यांनी! जुनं गाव पातळ फळ्यांचं, एक दोरी सोडली की सगळं मागे कोसळायचं. पण खरी करामत नव्या गावाची. ते स्टेजच्या फळीखाली आडवं निजलेलं असायचं. खाली सायकलींच्या चेन, चाकं आणि एक हँडल. हँडल फिरवलं की आधी पूल वर यायचा, मग घरांच्या ओळी एकामागून एक, मग चर्चचे दोन मनोरे, मग गोदीतली क्रेन, आणि शेवटी त्या क्रेनखालून एक जहाज हळूहळू बाहेर पडायचं. सगळं मिळून चार मिनिटं. खेळ संपला की पडदा ओढून एक खुंटी काढायची, की सारं गाव थाडकन पुन्हा खाली. हँडल चाचा दुसऱ्या कुणाला फिरवू देत नसत. एका पोराने एकदा जोरात फिरवलं तर चर्चचा मनोरा घरांच्या आधी वर आला आणि मोडला. तेव्हापासून चाचा स्वतः स्टेजखाली शिरून बसायचे.

शाळा सुटली की मी रोज तालमीच्या मागे जाऊन काम बघत बसे. घरांची छपरं मी पुस्तकातल्या चित्रावरून सांगितली तशी त्यांनी केली, तरी दोन घरं थेट शाहूपुरीतल्या दुकानांसारखी दिसत होती आणि एकाला तर शटर होतं. डोंगर मात्र झकास झाला होता. गोणपाट, खळ, प्लास्टर आणि वरून हिरवा रंग. चाचांनी जन्मात जवळून पाहिलेला डोंगर एकच, त्यामुळे तो हुबेहूब जोतिबाचा झाला होता. म्हटलं, असू दे. डोंगर आहे हे महत्त्वाचं.

चार दिवसांनी अध्यक्ष पाहणीला आला. कमरेवर हात ठेवून त्याने डोंगराकडे पाहिलं.

"चाचा, ह्यो मधी आलाय."

"बाईंनी सांगितलंय."

"बाई, बाँब त्येच्यामागं पडणार. मग डावीकडच्या पब्लिकला काय दिसणार? डोंगर?"

"अरे, खराच डोंगर होता तिथे!"

"भूगोल तुमचा बरोबरच हाय की. पण त्या डोंगरापुढं पब्लिक उभं नव्हतं. हितं निम्मा रस्ता भरतोय." आणि त्याच दमात म्हणाला, "तुमचं निवेदन झ्याक झालंय. शाहूपुरीत स्टुडिओत रेकॉर्डिंग करून घ्यायचंय, तुमच्याच आवाजात. रविवारी मोकळ्या हाय न्हवं?"

मी आणखी भांडायला हवं होतं. पण खरं सांगते, स्टुडिओत आपला आवाज रेकॉर्ड होणार म्हटल्यावर डोंगर मी सोडून दिला. मोठ्या नजरेने बघितलं पाहिजे, लोकांची सोय बघितली पाहिजे, असं काहीतरी स्वतःला समजावलं आणि रविवारी ठेवणीतली साडी नेसून रेकॉर्डिंगला गेले. स्टुडिओवाल्याने विचारलं, "कार्यक्रम आहे का कुठं?"

चाचांनी डोंगर मोडला नाही. उचलून स्टेजखाली ठेवला, आणि हँडल फिरवताना पाठ टेकायला वापरू लागले.

पात्रं निवडायला बैठक झाली, तिला मी मुद्दाम गेले. स्टेजवर बारा जपानी पाहिजे होते. सहाजण बाँबमध्ये मरणारे आणि सहाजण नंतर गाव बांधणारे. मरायला सव्वीस जण तयार झाले. बांधायला एकही नाही.

"आरं, बांधणारंच खरं हिरो हायत!" अध्यक्ष ओरडला.

"व्हय, पण त्येंच्यावर लाईट न्हाय पडत," मागून कुणीतरी म्हणालं, आणि ते खरं होतं. मरणाऱ्यांना लाल प्रकाश, धूर, तडफडणं, वर आई-बहीण बघायला आलेली. बांधणाऱ्यांना हातात थापी आणि घमेलं. शेवटी जे रोज सकाळी तालमीत उशिरा येतात त्यांना शिक्षा म्हणून बांधणारे केलं. सगळे पैलवान गडी. कपडे म्हणून बायकांच्या जुन्या साड्यांचे झगे शिवले होते. उपासमार झालेले जपानी नागरिक म्हणून ते ओळीने उभे राहिले तेव्हा एकाचाही दंड माझ्या मांडीपेक्षा बारीक नव्हता. मी निवेदनातले "भुकेने खंगलेले" हे शब्द काढून "दुःखाने वाकलेले" असं पुन्हा रेकॉर्ड करून घातलं.

गणपती बसले आणि देखावा सुरू झाला. पत्र्याच्या पिंपात सुतळी बाँब लावत. एका तारेवरून विमान यायचं, पांढरा लाईट भगभगायचा, पिंप असा दणका द्यायचं की समोरच्या घरातली भांडी पडायची. जुनं गाव कोसळायचं, सहाजण तडफडायचे. त्यातला एक तर इतक्या मनापासून मरायचा की त्याला आवरायला दुसरा मेलेला त्याचा पाय धरायचा. पब्लिक खरोखरच खुळं झालं. शिट्ट्या काय, टाळ्या काय.

आणि धूर विरायच्या आत सगळे निघून जायचे.

कारण पुढच्या चौकात दुसऱ्या मंडळाचा हलता राक्षस होता, आणि तो दर पंधरा मिनिटांनी तोंड उघडायचा. लोक आमचा बाँब बघून धावत राक्षसाकडे. मी लाउडस्पीकरवरून सांगतेय, "पण हे शहर हरलं नाही!" आणि समोर शे-दोनशे पाठी. स्टेजखाली चाचा जीव ओतून हँडल फिरवतायत, पूल वर येतोय, घरं येतायत, मनोरे येतायत, जहाज निघालंय, आणि रस्त्यावर एक म्हातारी, दोन कुत्री आणि मी.

पहिल्या खेळानंतर चाचांनी स्टेजखालून डोकं काढलं. "थांबलं का पब्लिक?"

"पहिलाच दिवस आहे चाचा."

दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. चाचा चहा नको म्हणायला लागले. मला फार वाईट वाटलं आणि वाईट वाटलं की मला राग येतो, म्हणून मी अध्यक्षाला धरलं. "ज्याच्यासाठी एवढं केलं ते बघायला कुणी थांबत नाही. गणपती झाले की चाचा गाव सोडून चाललेत. काहीतरी कर."

त्याने केलं. आधी रस्त्याला दोर बांधून लोक अडवले, तर भांडणं झाली. मग खेळ संपल्यावर प्रसाद असं जाहीर केलं, तर लोक गावाकडे पाठ करून प्रसादाच्या ताटाकडे तोंड करून रांगेत उभे राहिले. चौथ्या दिवशी तो चमकत्या डोळ्यांनी माझ्याकडे आला.

"बाई, आयडिया. आधी गाव उभं करायचं. आणि बाँब शेवटी!"

मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. एवढंच सांगते की माझ्या शेजारणीने गॅलरीतून विचारलं, बाई, सगळं ठीक आहे ना.

पाचव्या दिवशी दुपारी तो शाळेतच आला, आणि या वेळी त्याचा चेहरा पेपर सोपा गेल्यासारखा होता. त्यांच्या फौंड्रीत नवीन मशीन बसवायला जपानहून एक इंजिनिअर आला होता. दोन महिने झाले, तो रोज वाकून नमस्कार करायचा आणि कुणाला त्याच्याशी काय बोलावं कळायचं नाही. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत अध्यक्षाने आपल्याकडे कुणालाही पहिल्यांदा विचारतात तेच विचारलं होतं, पावणं, गाव कुठलं.

"नागासाकी म्हणाला, बाई! त्येच्याच गावचा! देवाची करणी बगा! आज दिवेलागणीला प्रमुख पावणा म्हणून आणालोय."

मी हातातला खडू खाली ठेवला. "अरे, काय बोलतोयस? त्याच्या घरातली माणसं गेली असतील त्यात. आणि तू त्याला सुतळी बाँब दाखवणार?"

"म्हणून तर, बाई! आपल्याला त्येंच्याबद्दल किती वाटतंय त्ये त्येला कळाय पायजे की." त्याचा चेहरा अगदी निर्मळ होता. "तुमास्नी इंग्लिश येतंय. शेजारी बसा फकस्त."

पाहुणा आला. चाळिशीच्या आतबाहेरचा, बारीक अंगाचा, इस्त्रीचा शर्ट. त्याला फेटा बांधला तो डोळ्यांवर आला. नारळ दिला, तर तो नारळाला वाकून नमस्कार करता झाला. ते बघून अध्यक्ष वाकला. म्हणून पाहुणा आणखी वाकला. मग अख्खी कार्यकारिणी वाकली. हे कुठे थांबवायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी मीच पाहुण्याला खुर्चीकडे नेलं आणि माझ्या शाळेतल्या इंग्रजीत जमेल तसं सांगितलं, की हे तुमच्या शहराबद्दल आहे, मोठा आवाज होईल, आम्हाला क्षमा करा. तो म्हणाला, थँक यू. त्याला किती कळलं देव जाणे.

विमान आलं. मी पाहुण्याकडे बघितलं नाही, माझ्याच मांडीवरच्या हातांकडे बघत बसले. पिंपाने दणका दिला. गाव कोसळलं. शिट्ट्या झाल्या. तो नेहमीचा गडी नेहमीपेक्षा जास्त मेला, कारण पाहुणा बघत होता. आणि मला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती. तो माझा आवाज होता ना वर, काळा दिवस उजाडला म्हणून सांगणारा, किती ऐटीत!

धूर विरू लागला. सवयीप्रमाणे लोक वळायला लागले. आणि थांबले. कारण पाहुणा उठला नव्हता. फेटा मांडीवर काढून ठेवून तो सरळ बसला होता, हात गुडघ्यांवर, नजर स्टेजवर. जपानी माणूस आपलं गाव बघतोय म्हटल्यावर राक्षसाकडे कोण जातं! वळलेले लोक परत आले. राक्षसाकडचेही काही आले. पूल वर आला, घरं आली, मनोरे आले, आणि पहिल्यांदाच रस्ता गच्च भरलेला होता.

फक्त सगळे पाहुण्याच्या तोंडाकडे बघत होते.

क्रेन उभी राहिली, जहाज निघालं, पाहुण्याने हळूच टाळ्या वाजवल्या, तेव्हा लोकांना कळलं की संपलं, आणि मग धो धो टाळ्या पडल्या. अध्यक्ष नाचायचाच बाकी होता. स्टेजखालून चाचांचं डोकं बाहेर आलं. "थांबलं?"

"थांबलं चाचा. सगळं पब्लिक थांबलं," मी म्हटलं. खोटं तर नव्हतं ते.

पाहुणा स्टेजजवळ गेला, बराच वेळ बघत राहिला. मग माझ्याकडे वळून अडखळत इंग्रजीत विचारलं, "डोंगर कुठे आहे?"

तो बोटाने दाखवू लागला. इथे खोरं, इथे बंदर. मध्ये डोंगर. "माझी आई इकडे होती," तो म्हणाला. "अकरा वर्षांची. दुकानात. तिची मोठी बहीण तिकडे." त्याने बोट डोंगराच्या जागेवरून पलीकडे नेलं आणि खाली घेतलं. "आई अजून आहे. डोंगर नसता तर मी नसतो."

मी हे मराठीत सांगितलं. अध्यक्ष जमिनीकडे बघत होता. मी त्याच्यावर डाफरले नाही, डाफरण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि त्या डोंगराच्या बदल्यात स्टुडिओत जाऊन आलेली मीच होते.

तेवढ्यात चाचा पुन्हा स्टेजखाली शिरले आणि पाठीवर डोंगर घेऊन बाहेर आले. वाकलेले चाचा आणि त्यांच्यावर जोतिबा. "हाय की डोंगर! त्येस्नी सांगा, केलावता आमी."

पाहुण्याने डोंगराला हात लावला. दोन्ही हातांनी त्याची उंची दाखवत म्हणाला, जरा मोठा. आणि हसला.

"ठेवा चाचा, ठेवा, जाग्याव ठेवा!" अध्यक्ष ओरडला. माझ्या अख्ख्या भूगोलाने जो डोंगर जागेवर टिकला नव्हता, तो पाहुण्याच्या एका वाक्यावर जागेवर जाऊन बसला. डावीकडच्या पब्लिकचं काय, असं कुणीही विचारलं नाही. चाचा म्हणाले, असा नुसता ठेवून चालणार नाही, खिळे मारून वीतभर वाढवतो, पावण्याला उद्या सकाळी बघायला बोलवा. मी बोलावलं. तो हो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी रविवार. मंडळाची पोरं रात्रभर जागलेली, मांडवाच्या मागे ताणून दिलेली. आठ वाजता पाहुणा एकटाच रिक्षाने आला, नुकती अंघोळ केल्यासारखा ताजा. स्टेजवर ताडपत्री होती. चाचांनी ती काढली. गाव फळीखाली निजलेलं आणि वर एकटा डोंगर, रात्रीपेक्षा वीतभर उंच, प्लास्टर अजून ओलं.

पाहुणा येईपर्यंत मी चाचांना खरं सांगून टाकलं होतं. "चाचा, काल लोक थांबले ते पाहुण्याला बघत होते. गावाकडे कुणाचं लक्ष नव्हतं."

"म्हाईत हाय," ते म्हणाले. "टाळ्या उशिरा पडल्या. जहाज निघतानं पडाय पायजेत, त्ये थांबल्यावर पडल्या. मला खाली काय दिसतंय बाई? माझं समदं कानावरच हाय."

मी हे ऐकलं आणि त्यातलं मला तेव्हा काहीच कळलं नाही.

पाहुण्याला डोंगर पसंत पडला. मग तो गुडघ्यावर बसून स्टेजखाली डोकावला, आणि त्याचा चेहराच बदलला. मशीनवाला माणूस तो. सायकलची चेन, चाकं, खुंटी, हँडल. त्याने चाचांकडे पाहिलं, बोट त्यांच्या छातीकडे केलं, तुम्ही? चाचांनी मान डोलावली. मग दोघंही खाली शिरले आणि दहा मिनिटं मला फक्त चार पाय दिसत होते. चाचा मराठीत समजावत होते, तो जपानीत विचारत होता, आणि दोघांचंही काही अडत नव्हतं. माझ्या इंग्रजीची गरज संपली होती.

शेवटी चाचा एकटेच बाहेर आले. "त्यो म्हंतोय मी फिरवतो. हात हलका हाय त्येचा, चालतंय." धूळ झटकत ते उभे राहिले. रिकामे हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना. मी प्रमुख पाहुण्याची खुर्ची पुढे ओढली आणि म्हटलं, बसा.

खालून चेन फिरायला लागली. संगीत नाही, निवेदन नाही, रस्त्यावर दूधवाल्याची एक सायकल तेवढी. पूल वर आला. घरांची पहिली ओळ आली, डोंगराच्या अलीकडे, मग पलीकडे. चाचांनी खुर्चीचे हात धरले. मनोरे वर चढायला लागले तसे ते पुढे झुकले, चांगला डोळा बारीक केला, तोंड थोडं उघडं. क्रेन उभी राहिली. तिच्याखालून जहाज निघालं तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळे भरलेले.

"बाई, ह्ये मी केलंय?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. महिनाभर बांधलेलं, पाच दिवस उभं केलेलं ते गाव त्या माणसाने समोरून एकदाही पाहिलं नव्हतं. आणि आम्ही पब्लिक थांबलं का, पब्लिक थांबलं का, करत बसलो होतो.

"तुम्हीच केलंय, चाचा," मी म्हटलं.

"त्येस्नी म्हणावं, परत एकदा."

मी स्टेजपाशी वाकून पाहुण्याला सांगितलं: ती खुंटी काढा, गाव खाली जाईल, आणि पुन्हा फिरवा. त्याने खुंटीवर हात ठेवलेला मला दिसला. ठेवला, आणि तसाच राहिला. मला वाटलं त्याला कळलं नाही, म्हणून मी पुन्हा सांगितलं. त्याने खुंटीवरचा हात काढून घेतला आणि मान हलवली. त्याला कळलं होतं.

चाचांना मी काय सांगणार होते? पण ते खुर्चीतून बघतच होते.

"नगो, नगो," ते घाईने म्हणाले. "ऱ्हाऊ दे. उभं हाय त्ये उभं ऱ्हाऊ दे."

पाहुणा बाहेर आला, हाताला ग्रीस, गुडघ्याला माती. मी आणखी दोन खुर्च्या आणल्या. आम्ही तिघं ओळीने बसलो आणि समोरच्या हॉटेलातून चहा मागवला. साडेनऊच्या सुमाराला अध्यक्ष डोळे चोळत मांडवामागून आला, उभं गाव बघून म्हणाला, "चाचा, ह्ये खाली घ्याय पायजे, सांजच्याला खेळ हाय." चाचांनी कप तोंडाला लावला आणि दुसऱ्या हाताने त्याला बाजूला व्हायची खूण केली, तो मध्ये उभा होता म्हणून.